विश्लेषण : बाग 'एक्झॉटिक', ताटात धोप्याच्या वड्या! शोभेची बाग खाण्याजोगी कशी करता येईल?

मोठ्या पानांची, गर्द, जंगलाचा भास देणारी 'एक्झॉटिक' बाग आता शहरातल्या बंगल्यांपुरती राहिलेली नाही. मोबाइलवर अशा बागांची छायाचित्रे पाहून तालुक्याच्या गावांतही नव्या घरांपुढे डिफेनबॅकिया, कॅलेडियम, फिलोडेंड्रॉन अशी रोपे लागू लागली आहेत. ही झाडे दिसायला देखणी असली तरी खाण्याची नाहीत आणि लहान मुलांच्या तोंडी गेल्यास त्रासदायक ठरतात. दुसरीकडे, तसाच थाट देणारी खाद्य झाडे गोंदिया जिल्ह्यातील सालेकसासारख्या तालुक्यात घरामागच्या सांदवाडीत पिढ्यानपिढ्या उगवत आहेत. ती मागून पुढे आणली तर शोभाही मिळेल आणि भाजीही. मात्र त्यासाठी कोणते पान ताटातले आणि कोणते फक्त पाहण्याचे, हे आधी नीट कळायला हवे.

'एक्झॉटिक' बाग म्हणजे नेमके काय?

ही बाग फुलांपेक्षा पानांवर उभी असते. तिची लक्षणे साधारण चार. पाने मोठी आणि वेगवेगळ्या आकारांची असतात. हिरव्यासोबत जांभळा, लाल, पिवळा असे रंग पानांतच मिळतात. झाडे उंच, मध्यम आणि बुटकी अशा तीन थरांत लावलेली असतात. आणि लागवड इतकी दाट असते की मधली माती दिसत नाही. या चारही गोष्टी केळी, हळद, अळू, सुरण आणि लाल माठ यांच्यापासून मिळू शकतात. रोपवाटिकेतले महागडे रोप ही त्यासाठीची अट नाही.

ही कल्पना आली कुठून?

मोठ्या पानांच्या झाडांची अशी आरास लोकप्रिय झाली ती थंड हवेच्या इंग्लंडमध्ये. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये १८६० च्या दशकात जॉन गिब्सन या उद्यानतज्ज्ञाने उष्ण प्रदेशातील झाडांची बाग उभी केली आणि ती पाहायला गर्दी लोटली. याच गिब्सनला १८३५ मध्ये ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी झाडे गोळा करण्यासाठी भारतात पाठवले होते. पुढे १८७१ मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी या बागकामावर 'द सबट्रॉपिकल गार्डन' हे पुस्तकच लिहिले. अलीकडच्या काळात, १९९० च्या दशकात, क्रिस्टोफर लॉईड यांनी ग्रेट डिक्स्टर येथील आपली जुनी गुलाबबाग काढून तिथे केळी, कर्दळ अशा झाडांची बाग केली. तिकडे हिवाळ्यात केळीचे खोड थंडीपासून वाचवण्यासाठी गुंडाळून ठेवावे लागते.

म्हणजे ज्या झाडांना लंडनमध्ये 'परदेशी' म्हणून मान मिळाला, त्यातली कित्येक आपल्या परसातली आहेत. उलट आपण ज्यांना घरचे समजतो ती मिरची, पपई, रताळे, अननस आणि कर्दळसुद्धा मूळची अमेरिका खंडातली. 'विदेशी' हे झाडाचे लक्षण नाही. कोण कुठून पाहतो यावर ते ठरते.

सालेकसा तालुक्याला ही बाग का सोयीची?

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाला लागून असलेला हा धानपट्ट्यातला, जंगलाने वेढलेला तालुका. पावसाळ्यात साधारण १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये दरेकसा, हाजरा फॉल किंवा कचारगडचा परिसर पाहिला की मोठ्या पानांची 'ट्रॉपिकल' हिरवळ कशी दिसते ते वेगळे सांगावे लागत नाही. जून ते ऑक्टोबर हा या बागेचा सुवर्णकाळ.

अडचण आहे ती पुढच्या काळाची. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते आणि केळी-पपईची वाढ मंदावते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि मोठी पाने करपतात. त्यामुळे समुद्रकाठच्या दमट हवेतील बागेची हुबेहूब नक्कल इथे टिकणार नाही. पावसाळ्यात भरभरून वाढणारी, उन्हाळ्यात जमिनीखाली कंदरूपाने विसावणारी झाडे निवडणे शहाणपणाचे. हळद, सुरण हे नेमके तेच करतात.

उंच थरात काय लावावे?

पहिला मान केळीचा. एका जागी तीनच खोडे ठेवावीत : घड देणारी आई, तिच्यामागची मुलगी आणि जमिनीतून नुकतीच वर आलेली नात. बाकीची पिले काढून टाकावीत किंवा शेजाऱ्यांना द्यावीत. दोन बेटांत पाच ते सहा फूट अंतर ठेवावे. घड, केळफूल, खोडातला गाभा आणि जेवणाला पान अशा चार गोष्टी एकाच झाडापासून मिळतात.

दुसरी पपई. तिचे पंजासारखे पान छायाचित्रातल्या बागेला शोभेल असेच असते. पण तिच्या मुळाशी दोन दिवस पाणी साचले तरी झाड जाऊ शकते. धानाच्या बांधीसारख्या चिकण जमिनीत ती उंचवट्यावरच लावावी.

तिसरा शेवगा, म्हणजे इकडचा मुनगा. त्याची बारीक पाने मोठ्या पानांमध्ये उठून दिसतात. झाड दरवर्षी छातीइतक्या उंचीवर छाटले तर पाला हाताशी राहतो आणि खालच्या झाडांना फार सावलीही होत नाही. जागा मोठी असेल तर मागच्या बाजूला बांबू लावता येतो. त्याच्या कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची, भाजी पूर्व विदर्भात परिचित आहे. कोंब उकळून ते पाणी फेकून द्यावे, कच्चे खाऊ नयेत.

मधल्या आणि खालच्या थरात काय?

मधल्या थराचा राजा अळू. विदर्भात त्याला धोपा म्हणतात, छत्तीसगडकडे कोचई. काळपट-जांभळ्या देठाचा वडीचा अळू लावला तर परदेशी रोपवाटिकांत मिरवणाऱ्या काळ्या पानांच्या जातींची उणीव भासत नाही. दोन रोपांत दोन फूट अंतर पुरते.

हळद आणि आले एक-एक फुटावर लावावे. केळीच्या विरळ सावलीत हळद चांगली वाढते. तिच्या पानांत कोकणात पातोळ्या वाफवतात. तो वापर इथेही करून पाहण्यासारखा आहे. हळदीच्याच कुळातील तिखूर मध्य भारताच्या जंगलांत उगवतो. त्याच्या कंदाचे सत्त्व उपवासाला चालते आणि गुलाबी छटांचा फुलोरा पाहिला तर तो विकतच्या शोभेच्या झाडाचा वाटावा.

सुरणाचे एकच पान छत्रीसारखे उलगडते. सुमात्रातील त्याच्या नातलगाचे, 'टायटन अरम'चे, प्रचंड फूल १८८९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात पहिल्यांदा उमलले आणि आजही ते कुठे फुलले की लोक रांगा लावतात. आपल्याकडचा सुरणही त्याच कुळातला. घरासाठी 'गजेंद्र' ही कमी खाजरी जात निवडावी.

कर्दळ बहुतेकांच्या अंगणात असतेच. तिच्या मूळ जातीच्या कंदात स्टार्च असतो. दक्षिण अमेरिकेत तो कंद खातात आणि व्हिएतनाममध्ये त्याच्या शेवया होतात. मात्र फुलांसाठी तयार केलेल्या संकरित जातींकडून कंदाची फारशी अपेक्षा ठेवू नये.

खालच्या थरात लाल माठ, गवती चहा, अननस आणि रताळ्याचा वेल. माठ २५ ते ३० दिवसांत काढणीला येतो. लाल अंबाडी थोडी उंच जाते. तिच्या बोंडाभोवतीच्या मांसल लाल आवरणांचे सरबत, चटणी होते. कुंपणावर लाल देठाचा मायाळू, म्हणजे पोई, आणि गोकर्ण चढवावा. गोकर्णाची निळी फुले चहात वापरतात. बिया आणि मुळे मात्र खाऊ नयेत.

पाण्याची जागा हवी असेल तर भंडारा-गोंदियाच्या बोड्या आणि मामा तलावांत होणारा शिंगाडा किंवा कमळ मोठ्या टाक्यात लावता येते. त्यात गप्पी मासे सोडायला विसरू नये.

सर्वांत मोठा धोका कोणता?

चुकीची ओळख. अळूच्या कुळात खाण्याच्या आणि शोभेच्या झाडांची पाने फसवी वाटावीत इतकी सारखी असतात. अलोकेशिया आणि कॅलेडियम यांचे पान अनेकांना अळूच वाटते. डिफेनबॅकियाला इंग्रजीत मुके करणारा ऊस अशा अर्थाचे नाव आहे, कारण ते चावल्यास जीभ आणि घसा सुजून बोलणे कठीण होऊ शकते. एरंडाचे झाड 'एक्झॉटिक' बागेत हमखास वापरतात, पण त्याच्या बिया जीवघेण्या विषारी असतात. कण्हेर आणि पिवळी कण्हेरही तशीच. जिथे मुले खेळतात त्या अंगणात ही झाडे नकोत.

पान वर वळते की खाली, देठ कुठे जोडलेले आहे, अशा खुणा सांगितल्या जातात. त्या उपयोगी आहेत, पण जीव त्यांच्या भरवशावर टाकावा इतक्या पक्क्या नाहीत. मोबाइलवरील ओळख सांगणारी ॲपही या कुळात चुकू शकतात. साधा आणि पक्का नियम एकच : ज्या गड्ड्याची पाने किंवा कंद ओळखीच्या घरात वर्षानुवर्षे खाल्ले जातात, त्याच गड्ड्याचे पिल्लू आणून लावावे. झाडाचे रूप पाहण्यापेक्षा त्याचे घराणे विचारावे.

वेलकंदांनाही हाच नियम. कारंद्याला हवेत लटकणारे कंद लागतात आणि वेल फार सुंदर दिसतो. पण त्याचे रानटी प्रकार कडू आणि विषारी असू शकतात. साबुदाण्याचा कंद, म्हणजे टॅपिओका, कच्चा कधीही खाऊ नये.

आणखी दोन गोष्टी. गटाराकाठी माजलेला अळू कितीही तजेलदार दिसला तरी खाऊ नये. आणि शोभेची म्हणून विकलेली रोपे खाण्यासाठी वाढवलेली नसतात. त्यांच्यावर कोणती औषधे फवारली, हे ग्राहकाला कळत नाही.

अळू आणि सुरण घशाला का खाजतात?

या झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. कच्चे पान चावले की ते तोंडाच्या आणि घशाच्या आतल्या त्वचेत रुततात. म्हणून धोप्याच्या वडीला चिंच, भाजीला ताक किंवा आमसूल आणि सुरणाला आधी चिंचेच्या पाण्यात उकळणे ही रीत पडली. ती केवळ चवीसाठी नाही. कोवळी पाने निवडावीत, ती पूर्ण शिजवावीत, आणि चिरताना हाताला तेल लावावे. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही भाजी किती खावी हे डॉक्टरांना विचारावे.

मुलाने शोभेच्या झाडाचे पान चावलेच तर तोंडातले तुकडे ओल्या कापडाने काढावेत, चूळ भरायला लावावी, गार पाणी किंवा दूध थोडे-थोडे द्यावे. उलटी करवू नये. ओठ-जीभ सुजली, गिळायला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा दवाखाना गाठावा. सोबत पान किंवा त्याचे छायाचित्र न्यावे. बी खाल्ले असेल तर त्रास दिसण्याची वाट पाहू नये.

वर्षाचे वेळापत्रक कसे असावे?

मे महिन्याच्या शेवटी खड्डे आणि वाफे तयार करावेत. पहिल्या पावसासोबत हळद, आले, सुरण, अळू आणि केळीची पिले लावावीत. सुरणाचा डोळा असलेला अर्ध्या किलोच्या आसपासचा तुकडा पुरतो. जुलैमध्ये वेल आणि अंबाडी. अळूची पाने दीड-दोन महिन्यांत खुडता येतात, पण एका वेळी रोपाची निम्म्याहून अधिक पाने काढू नयेत.

दिवाळीनंतर हळद-सुरणाची पाने पिवळी पडू लागतात आणि बाग विरळ दिसते. त्या मोकळ्या जागी पालक, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो घ्यावेत. हळद आणि सुरण साधारण आठ-नऊ महिन्यांनी, जानेवारी-फेब्रुवारीत काढावा आणि काही कंद पुढच्या बियाण्यासाठी सावलीत ठेवावेत. केळीला घड यायला आणि तयार व्हायला वर्षभर लागते, अननसाला त्याहून जास्त.

उन्हाळा, डास आणि रानडुकरांचे काय?

उन्हाळ्यात पाणी कमी पडते तेव्हा आंघोळीचे आणि भाजी-तांदूळ धुतलेले पाणी केळी-अळूच्या आळ्यात वळवावे. डिटर्जंटचे पाणी मात्र नको. धानाचे तणस चार बोटे जाड पसरले तर ओल टिकते आणि माती तापत नाही. धानाच्या पट्ट्यात हे आच्छादन जवळजवळ फुकट मिळते. फक्त ते खोडाला चिकटवू नये, वाळवी लागते. ड्रॅगन फ्रूट लावायची हौस असेल तर एप्रिल-मेमध्ये त्यावर जाळीची सावली हवी. ते निवडुंग असले तरी एवढ्या उन्हात त्याची खोडे भाजतात.

जंगलालगतच्या भागात मलेरियाचा धोका नवा नाही. त्यामुळे दाट झाडी खिडकी-दाराला चिकटून नको, आणि कुंड्यांखालच्या बशा, टाकाऊ टायर यांत पाणी साचू देऊ नये. झाडांतून चालायला मोकळी वाट ठेवावी. पावसाळ्यात साप दिसायला ती लागते. कंदांसाठी रानडुकरे आणि केळी-पपईसाठी माकडे येतात. म्हणून कंद घराच्या भिंतीजवळ लावावेत आणि बाहेरून बांबूचे कुंपण घालावे. धान निघाल्यावर गुरे मोकळी सुटतात, तेव्हाही तेच कामी येते.

पोषणात खरेच काही भर पडते का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिला आणि सहा ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्ताल्पता आढळली. 'उमेद' अभियानाने बचतगटांच्या महिलांसोबत पोषण परसबागांची मोहीम हाती घेतली आणि शाळांमध्ये पोषण आहारासाठी परसबागा लावल्या जातात, त्यामागे हेच कारण आहे.

एका अंगणातून हा प्रश्न सुटत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पालेभाजीतले लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते आणि अळूतील ऑक्सलेट त्यात आणखी अडथळा आणते. रक्ताल्पतेवरच्या लोहाच्या गोळ्यांना मुनग्याची भाजी हा पर्याय नाही. पण जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे खायला सांगते, आणि धान-डाळीवर भागणाऱ्या ताटात तेवढी भाजी क्वचितच असते. मुनगा, लाल माठ, पोई, पपई यांतून 'अ' जीवनसत्त्वाचे पूर्वघटक मिळतात. पपई किंवा लिंबू सोबत असले तर भाजीतल्या लोहाचे शोषणही सुधारते. रोज भाजी विकत घेणे परवडत नाही अशा घरात दारातली चार पाने हा मोठा फरक असतो.

सुरुवात कशी आणि किती खर्चात?

दहा फूट बाय वीस फुटांची जागा पुरेशी आहे. मागच्या ओळीत दोन केळी, एक पपई आणि एक मुनगा; मध्ये सहा-सात अळू, दोन-तीन सुरण आणि हळदीची एक रांग; पुढे लाल माठ आणि गवती चहा; कुंपणावर पोई. यातले बहुतेक बियाणे शेजारच्या सांदवाडीतून किंवा आठवडी बाजारातून मिळते. बाजारातून आणलेले हळद-सुरणाचे कंदही उगवतात, फक्त डोळे शाबूत हवेत. गजेंद्र सुरण किंवा सुधारित जातींसाठी हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात चौकशी करता येईल. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. ओळख पटवून घेण्यासाठी आणि जाणत्या बायकांकडून बियाणे मागण्यासाठी ती चांगली जागा.

आधीच लावलेली शोभेची झाडे उपटून फेकण्याची गरज नाही. ती मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर, वेगळ्या कुंडीत आणि खाण्याच्या झाडांपासून दूर ठेवावीत. अळूच्या वाफ्यात कॅलेडियम कधीही मिसळू नये. घरात नवी सून आली, पाहुणे आले, भाजी खुडणारे हात बदलले की गोंधळ तिथेच होतो. एका वाफ्यात एक तर सगळे खाण्याचे, नाही तर सगळे शोभेचे, एवढा एक नियम पाळला तरी बाग सुरक्षित राहते.